अक्कांच्या माशा

उदगीरहून भाच्याचा, महादेवचा, फोन आला, "मामी, आई गेली," तेव्हा मी नांदेडच्या घरी भाकरी थापत होते. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लातूरच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणून आठवडाही झाला नव्हता... मी उदगीरला पोचले. आमच्या रीतीप्रमाणे शेतात समाधी दिली, माणसं ओसरीवर टेकली आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "शेवटी शेवटी डोक्यावर परिणाम झाला होता. माशांचे फोटो काढायच्या म्हणे." मी गप्प बसले नाही. म्हणाले, "या घरात डोकं ठिकाणावर होतं ते त्यांचंच." आजही तेच म्हणते, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात हे सगळं सुरू झालं. उदगीरलाही टँकरकडे डोळे लागलेले. पोटाचं ऑपरेशन झालेल्या अक्कांना सगळे सांगत, विश्रांती घ्या. त्या शब्दाचाच त्यांना राग. परसातला शेवगा तेवढा हिरवा होता, कारण भांडी विसळलेलं पाणी त्या त्याच्या बुडाशी ओतत. गावात उदगीर आता जिल्हा होणार अशी जोरात चर्चा होती, आणि अक्का म्हणत, "जिल्हा होईल तवा होईल. माशा तर येऊन बसल्या!" बुडाशी साचलेल्या ओलीवर, शेवग्याच्या फुलांवर बसणाऱ्या माशांचे फोटो नातीच्या जुन्या मोबाइलवर काढायचे आणि इंटरनेटवर किड्या-पाखरांची ओळख पटवणाऱ्या एका साइटवर टाकायचे, हे त्या आपल्या आपणच शिकल्या. तिथे देशभरातले जाणकार नाव सांगतात.

पहिलीच माशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी तरंगणारी. अक्कांनी ठणकावून लिहिलं, मधमाशी. कुणीतरी उत्तर दिलं, "ताई, ही मधमाशी नाही. पंख मोजा. मधमाशीला चार असतात, माशीला दोन." अक्का काही ऐकेनात. कित्येक दुपारी शेवग्याखाली बसून त्या माशीच्या पंखांचा स्वच्छ फोटो मिळवला. पंख दोनच निघाले. मला फोन करून म्हणाल्या, "हरले गं शैला. पन फुकट न्हाई हरले, भांडून हरले!" इतकं खूश मी त्यांना कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

घरात मात्र कुरबुर वाढली. माशी म्हणजे घाण, रोगराई. एक दिवस महादेव औषध फवारायचा पंप पाठीवर घेतलेल्या माणसालाच घेऊन आला. मी तेव्हा तिथेच होते. महादेव आईला म्हणाला, "घरात आजारी माणूस, अन् तू माशा पाळून राहिलीस?"

"आजारी माणूस मी हाय ना? मग मला इचारलंस का?"

अक्का स्टूल ओढून झाडासमोर बसल्या. पंपवाला थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. भावजयीनं नणंदेची बाजू घेतली, याचंच त्या दिवशी घरात जास्त नवल झालं.

पुढच्या हिवाळ्यात दुखणं उलटलं. लातूरच्या दवाखान्यात मी भेटले ती शेवटची. हाताला सलाइन, आवाज खोल गेलेला. खिडकीच्या काचेवर माशी बसली. नर्सनं घडी केलेला पेपर उचलला, तशा अक्का म्हणाल्या, "थांब बाई, जरा बघू दे." सलाइनच्या हातानं त्यांना मोबाइल धरवेना, म्हणून मी धरला. फोटो पुसट आला.

"हालली. परत काढ."

मी परत काढला. साधी घरमाशी होती. "साधी का असंना," अक्का म्हणाल्या, "तिचं तिला नाव हाय ना?"

दिवसकार्य झाल्यावर महादेव त्या मोबाइलमधलं सगळं पुसून तो कुणाला तरी देणार होता. मी मागून घेतला. आता दुपारी अंगणातल्या कढीपत्त्यापाशी उकिडवी बसते. शेजारीण विचारते, "काय हरवलं वहिनी?" मी म्हणते, "काही नाही, माशी बघते." ती हसते. हसू दे! परवा पहिला फोटो टाकला, अक्कांच्याच खात्यावरून. तिथं नावाखाली स्वतःविषयी दोन ओळी लिहायला जागा असते, ती मी तोवर पाहिलीच नव्हती. अक्कांनी लिहून ठेवलंय: "नवशिकी आहे. चुकले तर सांगा, भांडेन."