झेडपीची

शाळा सुरू व्हायचे दिवस होते आणि मी तालुक्याच्या गावी बुटांच्या दुकानात बसले होते. बुटांचा रंग शाळेवर ठरतो, म्हणून दुकानदार येणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी विचारत होता, "कुठली शाळा?"

आईचं बोट धरून आलेली एक मुलगी खणखणीत म्हणाली, "झेडपीची!"

मी चमकून पाहिलं. मीही झेडपीचीच. पण गळक्या छपराची आमची शाळा होती. तिचं नाव आम्ही पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगायचो.

"काय शिकवतात गं तिथं?" दुकानदाराने गमतीत विचारलं.

"जिल्हा परिषदेनं आम्हाला दुर्बीण दिलीय. बाईंनी शनी दाखवला, कड्यासकट!"

"अगं, तो तर माझ्या मागे लागलाय. साडेसाती चाललीय माझी."

"तो कुणाच्या मागे नाही लागत, काका. तो सूर्याभोवती फिरतो."

सगळं दुकान हसलं. दारातल्या लिंबू-मिरचीखाली उभा राहून दुकानदारही हसला.

सरकारी कामाच्या संगमरवरी पाट्या मी कधी वाचत नाही. काम खरंच झालं असेल, तर ते असं पोरांच्या आवाजात ऐकू येतं. मला त्या क्षणी उठून दुकानभर सांगावंसं वाटलं, मीसुद्धा झेडपीची!

"एक नंबर मोठाच द्या," तिची आई म्हणाली, "वाढता पाय आहे."

"ताई," खोकं काढत दुकानदार म्हणाला, "हिला एका नंबरानं काय होणार?"