नवसाचं लाल कापड

फराळाचं गाठोडं कधी माझ्याकडे बांधायला देऊ नका. पोळ्या लाटून घ्या, पुरण वाटून घ्या, पण गाठ मारायला सांगू नका. का म्हणून विचारता? अहो, या हातांनी एकदा अख्खं विमान आंधळं केलं आहे! हसताय? हसा. त्या दिवशी मला मात्र दरदरून घाम फुटला होता.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. धाकटे दीर मधुभावजी तेव्हा विमान शिकत होते. हो, विमान! आमच्या गल्लीतून मोटार गेली तरी पोरं मागे धावायची असे ते दिवस. अकोल्याबाहेरच्या धावपट्टीवर शिकवणीचं एक विमान होतं. भावजी माझ्या माहेरी राहून शिकत, आणि सुट्टीत घरी आले की सगळ्यांची करमणूक करत.

"वहिनी, विमान हातानं नाही, पायानं वळवावं लागते," असं म्हणत ते स्वयंपाकघरात पाटावर बसत. दोन्ही पायांखाली दोन पोळपाट, गुडघ्यांमध्ये उभं लाटणं. लाटणं पुढे केलं की विमान खाली, मागे ओढलं की वर. सासूबाई दारातून बघत आणि म्हणत, "त्याले पोळ्या तरी करू दे वं. तेवढंच कामाचं शिकन."

पहिल्या दिवशी भावजी पोटातलं सगळं वरून अकोल्यावर सोडून आले होते. मास्तर मागे वळून म्हणाले म्हणे, "झालं? आता उजवीकडे वळव." मास्तर म्हणजे साठेसाहेब, पुण्याचे. मोजकं बोलायचे, पण बोललेलं लागायचं. त्यांचा एक हट्ट असायचा. वेग दाखवणाऱ्या काट्यावर विसंबू नकोस, पंखांच्या तारा शिट्टी वाजवतात ती ऐक. वेग वाढला की शिट्टी चढते, कमी झाला की उतरते. भावजी हे सांगायचे आणि मी हात जोडायचे. शिट्टीच्या भरवशावर आभाळात जाणारा मुलगा! देवाशिवाय कोण आहे त्याला?

त्यात मामंजींची अट. "दिवाळीपर्यंत मास्तरनं एकट्याले उडू देलं तर ठीक. नाही तर मुकाट्यानं कापसाच्या जिनिंगच्या हापिसात येऊन बस." आणि दिवाळी तर आली होती तोंडावर! भावजींचा चेहरा उतरला की माझा घास उतरत नसे. मी सोमवार धरले, चतुर्थ्या धरल्या, अंबादेवीची ओटी बोलले. आणि देवीची करणी बघा, साठेसाहेबांनी परीक्षेला नेमका सोमवारच काढला! आधी साहेब सोबत बसून बघणार आणि मग ठरवणार.

मी आदल्या दिवशीच माहेरी दाखल. सकाळी पूजा आटोपली, प्रसादाचा डबा घेतला आणि टांग्यातून थेट धावपट्टीवर.

तिथे देवराव म्हणून मिस्त्री होते. मोठे अगत्याचे. "या ना वहिनी, पाहा इमान! पण नारळ त्याच्यावर नोका फोडू जी, त्याचं आंग कापडाचं हाय."

खरंच बाई, कापडाचंच! दोन मजली पंख, मध्ये दांड्या आणि तारा. मी पुढच्या पंख्याला कुंकू लावलं. मग लक्ष गेलं ते डावीकडच्या दांडीवर. तिथे करंगळीएवढी एक नळी होती आणि तिच्यावर लाल कापडाची इवलीशी पिशवी बांधलेली, खाली लांब लाल फडकं लोंबतंय. माझे डोळेच भरून आले. म्हटलं, कुण्या माउलीनं आपल्या लेकासाठी नवस बांधला असेल! देवळाच्या झाडाला आपण बांधतो तसंच की हो.

तेवढ्यात भावजी आले. ओठांनी काहीबाही पुटपुटत विमानाभोवती फिरले, हे हलव, ते दाबून बघ. आणि त्या नळीपाशी येऊन सर्रकन ते कापड ओढून काढलं! शेडच्या खिळ्याला अडकवलं आणि साहेबांनी हाक मारली म्हणून निघूनही गेले.

नवस फळायच्या आत सोडला? तोही दुसऱ्याचा? तोही परीक्षेच्या दिवशी, सोमवारी? आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

देवराव पेट्रोलचा डबा आणायला मागे गेले होते. मी इकडे तिकडे पाहिलं. खिळ्यावरचं कापड काढलं, कपाळाला लावलं, टाचा उंच केल्या आणि नळीवर पुन्हा चढवलं. वटसावित्रीला वडाला मारते तशा सात गाठी मारल्या. वर ओटीतला हळदीचा दोरा गुंडाळला. मनाला कसं गार वाटलं!

साहेब आणि भावजी घाईतच आले. माझ्याकडून प्रसाद घेतला, पायरीवर पाय दिला, बसले. देवरावांनी पंखा फिरवला. धडधडधड! धूळ उडाली, विमान धावलं आणि बघता बघता वर. मी डोळे मिटून जप सुरू केला.

देवराव हात पुसत आले. "वहिनी, अठीसा खिळ्याले लाल कापड होतं. पाहेलं का जी?"

"पाहिलं म्हणजे काय! मीच बांधलं ना परत." आणि वर हसून म्हटलं, "अहो, असं सोडतात का कधी?"

"कुठी बांधलं?"

मी आभाळाकडे बोट केलं.

देवरावांच्या हातातलं पोतेरं गळून पडलं. "अरे बाप्पा! वहिनी, थो नवस नाही जी, थे बूच हाय! रातभर नळीत माती-किडा जाऊ नाही म्हून लावतो. नळीत हवा गेली त कळते इमान किती जोरानं चाल्लं थे. आता काटा मेला!"

"मग? चालेल ना काट्याशिवाय?"

"जोर कमी झाला न् समजलं नाही, त खाली येते."

"खाली म्हणजे उतरतं?"

"उतरत नाही वहिनी. पडते."

मी तिथे धुळीतच बसले. माझ्या सोमवारांनी, माझ्या हातांनी, पोटच्या पोरासारखा दीर मी आभाळात आंधळा करून पाठवला होता! सासूबाईंना काय तोंड दाखवू? ओरडले तर ऐकू जात नाही, धावले तर पोचत नाही. पदर पसरला आणि जिभेवर आलं ते बोलून गेले, "आई अंबे, लेकराला सुखरूप खाली आण. मी जन्मात कशाला गाठ मारणार नाही!"

अहो, साडी बोलायची, पेढे बोलायचे. पण नाही. नेमकं हेच आलं तोंडात.

विमान दूर गेलं, वळलं, घिरटी घालून खाली येऊ लागलं. देवराव पुटपुटत होते, "आयकून राह्य बाप्पा, शिट्टी आयकून राह्य." मी डोळे घट्ट मिटले. धप्प! एक उडी. पुन्हा धप्प! मग घरघर. डोळे उघडले तर विमान जमिनीवर, भावजी पांढरेफटक आणि साहेब खाली उतरून सरळ त्या दांडीकडे.

"देवराव! हे काय आहे?"

"साहेब, ते मी," माझा आवाज मलाच ऐकू येईना. "मला नवसाचं वाटलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हळदीच्या दोऱ्याकडे पाहिलं, पंख्यावरच्या कुंकवाकडे पाहिलं. मग भावजींना म्हणाले, "तू हे काढलं होतंस?"

"हो सर."

"मग बसताना परत का नाही पाहिलंस? शेवटची नजर विमानावर टाकायची. मध्ये वहिनी येवोत नाहीतर ब्रह्मदेव येवो. कळलं?"

"हो सर."

"काटा मेलाय हे कधी कळलं?"

"चाकं जमिनीवरून सुटल्यावर. तुम्हाला ओरडून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, मग उतरव."

"आणि कसं उतरवलंस?"

"शिट्टी ऐकून, सर."

साहेब नळीवरच्या गाठी सोडू लागले. एकही सुटेना. नख लावलं, दात लावले. शेवटी देवरावांनी सुरी आणली आणि कापड कापून काढलं. साहेब घाम पुसत म्हणाले, "बाई, एवढ्या वाऱ्यात ही तसूभर हलली नाही. कुठे शिकलात?"

"वडापाशी," मी म्हटलं.

ते पहिल्यांदा हसले. मग पुढचं आसन मोकळं ठेवून भावजींना म्हणाले, "जा. एकटा जा. ऐकता येतं तुला. आधी फेरी मारून सगळं बघ. आणि बाई, तुम्ही ते फडकं घेऊन त्या पांढऱ्या दगडाशी उभ्या राहा. दोन्ही हात वर. मला तुमचे हात दिसत राहिले पाहिजेत."

आणि काय सांगू! भावजी एकटे आभाळात आणि मी दगडापाशी पकडलेल्या चोरासारखी दोन्ही हात वर करून! ते उतरले तेव्हा माझे खांदे दुखत होते आणि डोळे वाहत होते. मामंजींनी पुन्हा जिनिंगचं नाव काढलं नाही.

पण नवस तो नवस. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "देवीपाशी बोलली न? मंग पाळ." वटसावित्रीला सूत त्यांनी गुंडाळलं, मागून फेऱ्या मी मारल्या. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "दोरा आईनं बांधला, फेऱ्या तू मारल्या. पुढच्या जन्मी मले कोन भेटनार हाय, थे देवीले इचारून घे."

मधुभावजी आता मोठी विमानं चालवतात. परवा येऊन गेले. निघताना मी फराळाचा डबा फडक्यात ठेवला आणि चारी टोकं मोकळी सोडून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी गाठ मारली, सगळ्यांच्या पाया पडले, दारापर्यंत गेले. आणि थांबले. मागे वळून आधी आपल्या गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, हात."

मी दोन्ही हात वर केले, तेव्हा कुठे त्यांनी उंबरा ओलांडला.