मशीनवर एकट्याची ओवी

मी हे लिहावं की नाही, यातच पुष्कळ दिवस गेले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि छंद-वृत्तांवर बोलायचा अधिकार मला माझ्या मार्कांनीसुद्धा दिलेला नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण राग आला आहे आणि तो कुणाशी बोलून जिरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. मी सांगलीच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करत होतो. आमचे सर वृत्तं शिकवायचे, आणि त्यांना मशीनचा नाद होता. फिजिक्सच्या डेमॉन्स्ट्रेटरकडून त्यांनी एक लाकडी पेटी करून घेतली होती. तिच्यावर दोन दिवे. सर ओळ म्हणताना बटण दाबायचे. छोट्या अक्षराला, म्हणजे लघूला, हिरवा दिवा चटकन लागून विझायचा आणि गुरूला लाल दिवा जास्त वेळ राहायचा. पोरं तिला ‘सरांचा सिग्नल’ म्हणायची. मला मात्र ती पेटी आवडायची, हे खरं सांगतो. पुस्तकातल्या आडव्या आणि वाकड्या खुणा मला कधी कळल्या नव्हत्या. दिवे लागले तेव्हा कळल्या.

नंतर त्यांनी दुसरं मशीन जोडलं. स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर आवाज घ्यायचा, आणि तो वाजवला की सरकत्या कागदाच्या पट्टीवर पेन वरखाली हलायचा. आवाज असला की पेन उठायचा, थांबला की खाली बसायचा. त्या पट्टीवर मोजून ओळ किती वेळ चालली ते सांगता यायचं.

एकदा सर वर्गात म्हणाले, “लोकगीतांतही छंद असतो का, ते आपण आता मोजून बघू. कुणाच्या घरी कुणी म्हणतं का?”

मी हात वर केला. माझे वडील आणि चुलते बिरोबाच्या ओव्या म्हणायचे. जतच्या बाजूला आमची मेंढरं. जत्रेत लोक त्यांना रात्र रात्र बसवून घ्यायचे.

आमच्याकडं ओवी एकटा माणूस म्हणत नाही. वडील ओळ म्हणायचे आणि शेवटच्या अक्षराला नुसता हात लावून सोडून द्यायचे. ते अक्षर चुलते उचलायचे, लांबवायचे, आणि तेवढ्यात वडील दम घेऊन पुढची ओळ जुळवायचे. यालाच झील धरणं म्हणतात. ओळ एक, माणसं दोन. झील धरणाऱ्याचा वाटा पुढं म्हणणाऱ्यानं स्वतः म्हणायचा नसतो. तो त्याच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखा अपमान समजतात.

दोघं डोक्याला धुतलेली पटकी बांधून एसटीनं आले. लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटरनं मायक्रोफोन एकच आहे म्हणून सांगितलं. दोन आवाज एकदम आले तर पेनाला कळत नाही.

सर म्हणाले, “एकट्याचं आधी घेऊ. मग दोघांचं.”

मी म्हणालो, “सर, ते एकत्रच म्हणतात.”

“घेऊ ना. आधी हे तर होऊ दे.”

चुलत्यांना बाहेर पायरीवर बसवलं. जाताना ते म्हणाले, “मला काय खरूज झालीया व्हय रं, भाईर काढाय?” वडील हसले. मग आवाज होऊ नये म्हणून दार लावलं.

वडील म्हणाले. चांगलं म्हणाले. प्रत्येक ओळीच्या शेवटी अक्षर सोडायचे आणि बंद दाराकडं बघायचे. चुलत्यांची जागा जाईल एवढा वेळ गप्प राहायचे आणि मग पुढची ओळ. मी मध्ये पडलो नाही, कारण दोघांचं पुढं घ्यायचंच होतं.

दोघांचं घ्यायच्या वेळी लाइट गेली. सरांनी तासभर वाट बघितली, मग म्हणाले, “पुन्हा बोलावतो. नक्की.” परतीच्या एसटीपर्यंत मी सोडायला गेलो.

वडिलांनी विचारलं, “कसं उठलं रं मशिनीवर?”

“अजून दोघांचं घ्यायचं हाय.”

“मग बरूबर. एकट्याचं काय खरं न्हाई.”

पुढच्याच आठवड्यात सरांनी ती पट्टी फळ्यावर लावली. प्रत्येक ओळीच्या शेवटी पेन खाली बसलेला, तिथं त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं गोल केले होते. म्हणाले, “बघा, ओळ भरतच नाही. अशिक्षित गायकाला लय असते, पण छंदाचं भान नसतं.”

मी उभा राहिलो. “सर, ते मोकळं न्हाई. तिथं माझे चुलते हायेत.” घाबरलो की माझी भाषा गावाकडं पळायची.

मागून कुणीतरी म्हणालं, “बोलवा रं त्याच्या काकाला, मात्रा घेऊन.” सगळा वर्ग हसला. सरही हसले. वाईट नव्हते ते, पण हसले.

“छंदात असं कुणासाठी राखून ठेवलेलं नसतं,” ते म्हणाले. “मात्रा भरतात किंवा भरत नाहीत. मशीन काय खोटं बोलणार आहे? बसा.”

मी बसलो, आणि आजही मला मशीनच्या त्या वाक्याचा राग येतो. मशीन खोटं बोललं नाही, हे मलाही कळतं. मशीनला जे ऐकवलं तेच त्यानं लिहिलं. दार माणसांनी लावलं होतं. कवितेतली एखादी जागा न कळली तर हेच सर आम्हाला चार चार तास कवीच्या मनात काय असेल ते शोधायला लावायचे. माझ्या वडिलांसाठी दोन मिनिटं नव्हती.

मला एकच हवं होतं. दोघांना पुन्हा बोलवावं, दार उघडं ठेवावं आणि वडिलांवरचे ते तांबडे गोल निघावेत. मी सरांच्या मागं लागलो. गॅदरिंग झाल्यावर, म्हणाले. परीक्षा झाल्यावर, म्हणाले. गावी गेलो की चुलते विचारायचे, “बोलावणं आलं का रं?” पटकी त्यांनी वेगळी काढून ठेवली होती. मी आज-उद्या म्हणत राहिलो. बी.ए. झालं आणि मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो. बोलावणं आलं नाही.

मग परवा माझ्या वर्गातला तासगावचा मित्र भेटला. तो आता हायस्कुलात मराठी शिकवतो. साताऱ्याला मराठीच्या शिक्षकांचं शिबिर होतं, तिथून आला होता. सर तिथं मशीन घेऊन गेले होते, आता दोन मायक्रोफोनचं.

“गड्या, तुझं खरं निघालं,” तो म्हणाला. “सरांनी शोध लावलाय. झील धरणाऱ्याचा आवाज मिळवला की ओळ पुरी भरती. लय टाळ्या पडल्या.”

“कुणाला बोलावलं होतं म्हणायला?”

“कॉलेजातलीच दोन पोरं. सरांनी बसवून घेतलेली.”

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “आधी तुझ्या वडलांची टेप लावली त्यांनी. चूक दाखवायला. म्हणाले, या गायकाला झीलकरी लागतो हेच ठाऊक नव्हतं, म्हणून बिचारा एकटाच म्हणत बसला.”