पहिल्या पानावरचं नाव

बसा, चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत माझ्या अकलेची गोष्ट सांगून घेतो. बाकीचे लोक गाढवपणा करतात तो नकळत करतात. मी रीतसर पुरावे गोळा करून केला, आणि वर टाळ्याही घेतल्या! हसू आलं तर हसा. सुरुवातीला मीही हसलोच होतो.

तुम्हाला माहीत आहे, मी इंदूरच्या सांवेर रोडवर पंपांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. अशा माणसाला गुन्हेकथांचं वेड लागणार नाही तर काय भजनांचं? आमच्या मराठी लायब्ररीच्या पत्रिकेत दर महिन्याला माझं सदर येतं, 'पान आणि पडदा'. कोणती नवी गुन्हेकथा आली, कुठल्या कादंबरीवर वेब सिरीज निघतेय, कुठल्या सिरीजमध्ये पहिल्याच भागात खुनी कळतो, अशा बातम्या. आणि शेवटी माझं मत.

मत द्यायला पुस्तक पूर्ण वाचावं लागतं असा तुमचा समज आहे का? काढून टाका. पहिली चाळीस पानं, मागच्या कव्हरवरचा मजकूर आणि इतरांची दोन परीक्षणं, एवढ्यात माझं भागायचं. बायको म्हणायची, "तुम्ही पुस्तक वाचत नाही हो, इन्स्पेक्शन करता." मी ते कौतुक समजायचो.

तर गेल्या दिवाळीनंतर लायब्ररीत एक भानगड सुरू झाली. कुणीतरी गुन्हेकथांच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायला लागलं! 'वकील.' 'लीलामावशी.' 'मधला जावई.' बस, एवढंच. तुम्ही हौसेनं पुस्तक घरी न्यायचं, उशी पाठीशी घ्यायची, पहिलं पान उघडायचं, आणि खेळ खल्लास!

मेंबर लोक असे खवळले की विचारू नका. एक जण तर काउंटरवर हात आपटून म्हणाले, "भिया, ये तो सीधा कत्ल है!"

आमच्या लायब्रेरियन मोघेबाई माझ्याकडे आल्या. "दिलीपजी, तुम्ही गुन्ह्यांवर एवढं लिहिता. जरा पता लगाओ ना, कोण करतंय हे!"

आता सांगा, आयुष्यभर पंपांचे वॉशर तपासणाऱ्या माणसाला असं कुणी म्हटलं तर त्याचं काय होईल? मी त्या दिवशी भिंग विकत घेतलं. हो, खरंच घेतलं.

नाव लिहिलेली सात पुस्तकं निघाली. सातही पुस्तकांच्या मागे चिकटवलेली कार्डं पाहिली. कोण कधी घेऊन गेलं, सगळं त्यावर असतं. सातही कार्डांवर असलेलं नाव एकच. शिवाय अक्षर! 'वकील'मधला ल मराठी वळणाचा होता, मधोमध देठ असलेला. इंदुरात शिकलेली आमची पिढी हिंदी ल काढते. म्हणजे लिहिणारा जुना, मराठी शाळेतला माणूस. दोन्ही पुरावे एकाच दारात जाऊन उभे राहिले: पुराणिक काका.

पुराणिक काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. मिलच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेले, ऐंशीच्या पुढचे. रोज अकराला सिटी बसनं यायचे, पंख्याखाली बसून पेपर वाचायचे, एक पुस्तक घ्यायचे आणि जायचे. मला लहानपणापासून ओळखायचे, 'दिलीप' म्हणायचे.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? काकांना बाजूला घेतलं असतं आणि हळूच विचारलं असतं. पण मग शेवटच्या प्रकरणाचं काय? सगळ्यांना एका खोलीत जमवायचं, एकेकावर नजर फिरवायची, आणि मग बोट दाखवायचं! ते सोडायचं?

रविवारी सकाळी आमचा गुन्हेकथांचा कट्टा भरतो. पंचवीस-तीस डोकी होती, कचोऱ्या आल्या होत्या. मी टेबलावर सात पुस्तकं मांडली, भिंग मांडलं, आणि म्हणालो, "मित्रहो, गुन्हेगार याच खोलीत आहे."

मी अर्धा तास बोललो. कार्डांवर बोललो, ल वर बोललो, पेन्सिलीच्या टोकावरसुद्धा बोललो. शेवटी वळलो आणि म्हणालो, "काका, पेन्सिल दाखवता का?"

काकांनी कचोरी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले, आणि सदऱ्याच्या खिशातून बोटभर लांबीची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"मीच लिहितो," ते म्हणाले. "खोडायचं राहून जात असेल. मोतीबिंदूमुळे फिकं दिसत नाही. माफ करा सगळ्यांनी."

लायब्ररीचं कार्ड त्यांनी पेन्सिलीशेजारी ठेवलं आणि निघाले. दारातून वळून म्हणाले, "छान शोधलंत, आठल्येजी."

दिलीपचा आठल्येजी झाला, हे मला ऐकूच आलं नाही. कारण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या होत्या. मोघेबाईसुद्धा वाजवत होत्या. मी दोनदा वाकून त्या स्वीकारल्या.

आणि गंमत ऐका. त्याच महिन्याच्या माझ्या सदराचा विषय काय होता? 'आजची गुन्हेकथा "कोण" विचारत नाही, "का" विचारते.' दीड पान ठोकलं होतं त्यावर! आणि त्या खोलीत एकानंही विचारलं नाही की, अहो काका, पण का लिहिता?

आठवड्यानं मोघेबाई म्हणाल्या, काकांकडे एक पुस्तक राहिलंय, येता-जाता घेऊन याल का? कारखान्यातून सुटलो आणि नंदानगरला त्यांच्या घरी गेलो. काका भाजी आणायला गेले होते. दार काकूंनी उघडलं. एवढ्याशा, पांढऱ्या केसांच्या, धाप लागलेल्या, पण डोळे लखलख!

"तू आठल्येंचा दिलीप ना? ये, ये. लायब्ररीचं रंगकाम झालं का रे?"

"रंगकाम?"

"हे म्हणाले, रंगकाम चालू आहे, महिनाभर बंद. आठ दिवस झाले, घरात नवीन पुस्तक नाही. मला तर जेवण उतरत नाही."

मी खुर्चीवर बसलो. एवढं झालं तरी काकांनी घरी माझं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"गुन्हेकथा तुम्ही वाचता, काकू?"

"मग काय हे वाचतात? ह्यांना तर कंटाळा येतो! माझ्यासाठी वाचतात बिचारे. माझ्या हृदयाचा व्हॉल्व गेलाय ना. डॉक्टर म्हणाले, टेन्शन बिलकुल नको, रहस्य-बिहस्य बंद. मी म्हटलं, मग जगून तरी काय करू? तेव्हा ह्यांनी तरकीब काढली. आधी स्वतः वाचायचं आणि पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. खुनी माहीत असला की छातीत धडधडत नाही बघ. कोण कसा थापा मारतोय, ते बघत आरामात वाचते मी." आणि हसल्या. "परत करताना खोडायला सांगते. पण विसरतात. लोक चिडत असतील, नाही रे?"

"छे हो," मी म्हणालो. "कोण चिडतंय!"

मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण मी काय केलं? माझ्या बॅगेत माझ्या कार्डावर घेतलेली एक नवी कोरी कादंबरी होती. लायब्ररीत तिची एकच प्रत. 'पान आणि पडदा'मध्ये तिची मी तोंड भरून तारीफ केली होती. ती काढून काकूंच्या हातात दिली.

काकूंनी ती लहान मुलासारखी छातीशी धरली. मग नाव शोधायला पहिलं पान उघडलं, तिथं काही नाही. "ह्यांना वाचू दे आधी. पण त्यांना आठ दिवस लागतील. तू वाचलंयस ना? तूच लिही की नाव!"

आता इथं, मंडळी, माझ्या जिभेवर खरं आलं होतं. 'काकू, मी चाळीसच पानं वाचलीत.' सहा शब्दही नाहीत. पण ज्या माणसानं त्या पुस्तकावर जाहीर मत दिलंय, त्यानं हे कसं सांगायचं? चाळीस पानांत एक पुतण्या आला होता. कर्जबाजारी, दारुडा, काकाच्या इस्टेटीवर डोळा. तोच असणार! वीस वर्षांचा इन्स्पेक्शनचा अनुभव होता हो माझा.

काकूंनी पेन्सिल दिली. मी ऐटीत लिहिलं: 'पुतण्या.'

"हात्तिच्या! मला वाटलंच," काकू म्हणाल्या आणि उशीला टेकून वाचायला लागल्या. मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, एक पुण्याचं काम करून आलो.

चौथ्या दिवशी दुपारी कारखान्यात फोन आला. काका होते. आवाज अगदी सपाट.

"आठल्येजी, हिला ॲडमिट केलंय. तुम्हाला बोलावतेय."

"काय झालं काका?"

"पुतण्या मेला."

मला वाटलं, त्यांच्या घरातला कुणी. "अरेरे, कसा काय?"

"विहिरीत सापडला. एकशे ऐंशीव्या पानावर."

मी तसाच सुटलो. हॉस्पिटलमध्ये काकू पलंगावर, नाकाला नळी, डोक्याशी ते मशीन टूं टूं करणारं. मला पाहून त्यांनी बोटानं जवळ बोलावलं.

"दिलीप," त्या कुजबुजल्या, "पुतण्याच मेला रे. मी इतकी निर्धास्त वाचत होते, आणि एकदम त्याचंच प्रेत! मग मारतंय कोण?"

मी स्टूल पुढे ओढलं.

"सांग ना. नाव कळलं की धडधड थांबेल."

"काकू... मी उद्या वाचून येऊन सांगतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुन्हेकथेत हजारदा वाचलीय ती नजर, सगळे धागे जुळल्यावरची. "म्हणजे तू वाचलंच नव्हतंस?"

आणि काकू हसायला लागल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं हो! त्या हसल्या, मशीन जोरात वाजायला लागलं, आणि नर्सनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "अंकलजी, पेशंट को हँसाना मना है!"

बाहेर बाकावर काका बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसलो. माफी मागायला तोंड उघडलं, पण ते म्हणाले, "जा. नाव शोधून आणा." तेवढंच.

पुस्तक काकूंच्या उशीखाली होतं आणि नर्स मला पुन्हा आत सोडेना, म्हणून संध्याकाळभर मी फोन करत सुटलो. कट्ट्यावरच्या एकानंही ते पुस्तक वाचलं नव्हतं. माझं परीक्षण मात्र सगळ्यांनी वाचलं होतं आणि सगळ्यांना आवडलं होतं! शेवटी पुण्याच्या मावसभावानं सांगितलं: खुनी फॅमिली डॉक्टर. मी ते कागदावर लिहिलं, खिशात ठेवलं, आणि सकाळी भेटायची वेळ सुरू व्हायच्या आधीच वॉर्डात जाऊन उभा राहिलो.

पलंगावरची चादर बदलत होते.

काकूंना नाव कळलं नाही. चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली.

आपल्यात दहावा-तेरावा असतो, पण इंदुरात राहून आपली माणसंही आता उठावना ठेवतात. तिसऱ्या दिवशी सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात, फुलं वाहतात आणि हात जोडून बाहेर पडतात. अख्खा कट्टा आला होता. मोघेबाई हळूच मला म्हणाल्या, "काकांच्या मिसेस होत्या, हे माहीतच नव्हतं आपल्याला." मी हात जोडून काकांसमोर गेलो.

"काका, माझ्यामुळे..."

"डॉक्टर म्हणाले, व्हॉल्व संपलाच होता. आज नाही तर महिन्यानं," काका म्हणाले. मग शेजारची पिशवी माझ्या हातात दिली. "हे पुस्तक जमा करा. माझ्याकडे कार्ड नाही. त्या संध्याकाळी तिनं माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली, पहिल्या पानावर काहीतरी लिहिलं आणि स्वतःशीच हसत होती. मला ते फिकं अक्षर वाचता येत नाही. तुम्ही बघा, खोडायचं असलं तर खोडा."

मी गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवर बसून पिशवी उघडली. मला वाटलं, काकूंनी ओळखला असेल डॉक्टर. एवढ्या हुशार बाई त्या!

पहिलं पान. वरचा कोपरा. माझ्या हातचं 'पुतण्या' एका रेघेनं खोडलेलं. खाली थरथरत्या अक्षरात दुसरं नाव होतं. त्यातला ल मधोमध देठ असलेला, जुन्या मराठी शाळेतला. अक्षर ओळखण्यात तर मी हुशारच ना!

'दिलीप.'

ते पुस्तक मी जमा केलेलं नाही. मोघेबाईंना सांगितलं, हरवलं. सदर बंद केलं. रबर घेऊन तीन-चारदा बसलो, पण हात होत नाही. शेवटी एक दिवस काकांची ती बोटभर पेन्सिल लायब्ररीच्या टेबलाच्या खणातून आणली आणि काकूंच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात एक ओळ भरली. 'कोण' काकूंनी लिहिलंच होतं. 'का' तेवढं राहिलं होतं.

'टाळ्यांसाठी.'