बाईंचा सा चुकला नव्हता

अन्याय झाला तो आमच्या गाण्याच्या बाईंवर: दादरच्या वर्गात, गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी साडेपाचला, पालकांच्या देखत.

त्या दिवशी वर्गात व्हीआरचे चष्मे आले होते. डोळ्यांवर चढवायचे आणि गायचं, की स्वर रंगांत समोर उभे राहतात. सा लाल, ग पिवळा, नी जांभळा. 'थिअरी खेळता खेळता शिका!' हे पत्रक मीच, बाईंच्याच एका विद्यार्थिनीनं, लिहिलं होतं, पार खोताच्या वाडीपर्यंत वाटलंही होतं. खरं सांगते, मला ते रंग आवडले होते. शुद्ध आणि तीव्र मध्यमातला फरक वर्षभर डोक्यात शिरत नव्हता, तो तिथे हिरव्याच्या दोन छटांत दिसला.

मग चष्म्यांच्या कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण ट्राय करा ना."

बाईंनी चष्मा चढवून सा लावला. सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवरच्या पडद्यावर फिकट जांभळा गोळा आला, म्हणजे कोमल नी. खाली अक्षरं: पुन्हा प्रयत्न करा. तीनदा हेच.

"काय बाई, पहिल्याच प्रश्नाला नापास?" एका मुलाचे बाबा म्हणाले. सगळे हसले.

बाईंनी चष्मा काढला. "अहो, हा सा कोणाच्या गळ्याचा?"

"स्टँडर्ड आहे, मॅडम."

पेटीवरची जी पट्टी आपल्या गळ्याला मानवते, तिथे आपला सा. बाईंचा काळी पाचवर, चष्म्याचा पांढरी एकवर, म्हणून बाईंचा सा त्याला कोमल नी वाटला. नव्या मुलाची पट्टी शोधायला बाई पहिला अख्खा तास देतात.

मी त्या माणसाला जिन्यात गाठलं. "पट्टी बदलता येत नाही?"

"येते की. सेटिंगमध्ये आहे. पण मग सगळ्या मुलांचे मार्क एका तक्त्यात बसत नाहीत."

"मग हे आत का नाही बोललात?"

तो मोबाईल बघायला लागला. म्हणजे ठाऊक होतं. ठाऊक असून हसू दिलं.

आता वर्गाच्या चालकांनी थिअरीचा तास चष्म्यांना दिलाय आणि बाईंकडे फक्त गॅदरिंगची गाणी. खालच्या गळ्याची मुलं लाल रंग गाठायला घसा ताणतात. बाई दारातून ऐकतात. आत जायला त्यांना मनाई आहे.

तुमचं मूल या वर्गात असेल तर रविवारच्या पालकसभेला या. गप्प बसू नका. हात वर करा आणि थिअरीचा तास बाईंना परत द्यायला लावा. चष्मे राहू देत, पण कोणाची पट्टी कुठली हे बाईच ठरवतील, असं चालकांकडून लिहून घ्या.