नखाला लागलेली खाच

श्री. वासुदेव मेस्त्री यांची आणि माझी पहिली भेट एका सोमवारी सकाळी, त्यांच्या घाटकोपरच्या गॅरेजमध्ये झाली. मी मुलुंडच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मोटारींच्या जगात मला ओळखणारे कोणी नाही. तरीही वासुदेवरावांच्या साठीनिमित्त त्यांच्या एखाद्या ग्राहकाने लिहावे, अशी या गौरव-अंकाच्या संपादकांची इच्छा दिसली, आणि ती मी आनंदाने मान्य केली.

त्या वेळी माझी पत्नी सुमती आजारी होती. दर मंगळवारी तिला उपचारांसाठी शहरातील रुग्णालयात न्यावे लागे. टॅक्सीची वाट पाहत उभे राहण्याइतके त्राण तिच्यात उरले नव्हते. आमची जुनी मोटार मात्र इंजिनाच्या पुढच्या बाजूने तेल गाळीत होती. तेथील ऑइल सील, म्हणजे फिरणाऱ्या भागाभोवती घट्ट बसून आतले तेल आत राखणारे रबरी कडे, दोन महिन्यांत दोनदा नवे बसवून झाले होते. दोन्ही वेळा आठवडाभरात पुन्हा गळती. वाटेत इंजिन बंद पडले तर काय, या विचाराने मी मंगळवारची धास्ती घेतली होती.

घरी एकटी बसणार नाही, असा हट्ट धरून सुमतीही त्या दिवशी गॅरेजमध्ये आली होती. तिला बाकावर बसवून मी खिशातून तिसरे सील काढले.

"एवढे बदलून द्या. उद्या रुग्णालयात जायचे आहे."

वासुदेवरावांनी ते हातात घेतले नाही. "सर, बदलायचं काम काही तासांचं. पण दोनदा नवीन घालून गळतंय, म्हणजे दुखणं सीलचं नाही. आजचा दिवस द्या मला."

"आणि उद्या?"

"उद्या सातला गाडी तुमच्या दारात. नाही जमलं तर दुसरी घेऊन येतो. वहिनींचं जाणं चुकणार नाही."

पट्टा सोडवून त्यांनी इंजिनाची पुढची पुली काढली, पुसली, जिच्याभोवती सील बसते त्या तिच्या मानेवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि ती माझ्या हातात दिली. मला चकचकीत पोलादाखेरीज काहीच दिसले नाही.

"डोळ्यांनी नाही हो सर, नखानं बघा."

मी नख फिरवले. एके ठिकाणी ते अडले. केसाएवढी खाच होती, पुलीच्या मानेला पूर्ण वेढा घालणारी. वर्षानुवर्षे एकाच जागी घासून सीलच्या रबरी कडेने ती कोरली होती. मऊ रबराने पोलाद झिजवावे, याचे मला नवल वाटले. "रबर एकटं नाही कापत," ते म्हणाले. "त्यात धूळ अडकते, ती कापते." घर्षण हा विषय मी पंधरा वर्षे फळ्यावर शिकवीत होतो. बोटाला तो प्रथमच लागला.

"म्हणजे आधीच्या मेकॅनिकने चुकीचे बसवले?"

"छे! त्यानं बरोबर बसवलं. अगदी तळाला टेकवून, जिथं बसवतात तिथंच. म्हणून तर नवी कड परत जुन्या खाचेत पडली."

आपल्या व्यवसायातील दुसऱ्याविषयी वासुदेवरावांच्या तोंडून उणा शब्द मी तेव्हा ऐकला नाही, नंतरही नाही.

नवे सील त्यांनी तळापर्यंत न नेता किंचित बाहेर राखले, जेणेकरून कड न झिजलेल्या पोलादावर बसावी. कडेला आधी बोटाने तेल लावले. कोरडी कड इंजिन सुरू होताच करपते. मग लाकडी ठोकळा ठेवून सगळ्या बाजूंनी हलके हलके ठोकत गेले. जवळजवळ दर ठोक्याला माझा एक प्रश्न होता. एकाही प्रश्नाला ते कंटाळले नाहीत.

शेवटी इंजिनातील तेल मोजण्याची पट्टी ओढून त्यांनी भुवया उंचावल्या. "तेल कोण भरतं?"

"मी. रोज. गळते म्हणून."

"खुणेच्या दोन बोटं वर आहे, सर! आत फेस होतो, दाब वाढतो. मग वाट मिळेल तिथून ते बाहेर येणारच."

"मलाही असंच औषध पाजतात, दादा," सुमती बाकावरून म्हणाली. "डॉक्टर एक चमचा सांगतात, हे दीड देतात."

"तुम्हाला निदान तोंड आहे, वहिनी. गाडी बिचारी सांगणार कुणाला?"

सुमती मोठ्याने हसली. कित्येक आठवड्यांत मी ते हसणे ऐकले नव्हते.

मंगळवारी सातला मोटार दारात होती, आणि वासुदेवराव स्वतः तिच्याबरोबर. "तापल्यावर सील कसं वागतं ते बघतो," म्हणून ते पुढच्या आसनावर बसले. रुग्णालयाच्या फाटकाशी त्यांनी बॉनेट उघडले, खाली वाकून पाहिले, समाधानाने मान हलवली आणि बस पकडून घाटकोपरला परतले. ते सीलसाठी आले होते की आमच्यासाठी, एवढा एकच प्रश्न मी त्यांना विचारला नाही.

पुढे अकरा महिने आम्ही त्या रस्त्याने जात राहिलो. सुमती वाचली नाही. परंतु मोटारीमुळे तिचा एकही मंगळवार चुकला नाही. आपण तिला वेळेवर पोहोचवू शकलो नाही, असे मला कधीही म्हणावे लागलेले नाही. मागे राहिलेल्या माणसाला याचा केवढा आधार असतो, हे वासुदेवरावांना कदाचित ठाऊक नसेल. म्हणून ते येथे लिहून ठेवतो.

त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावे. त्यांच्या घरातील कोणालाही रुग्णालयाची वाट धरण्याची वेळ न येवो; आणि आलीच, तर त्यांना वासुदेवरावांसारखाच कोणी भेटो.