फाट्यावरची पिशवी

माझी आई श्यूलान. चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी आम्ही दरवर्षी हार्बिनहून बर्फातून गाडीने बाबांच्या गावी जायचो. वाटेतच आईचं माहेर. पण लग्न झालेली लेक वर्षाच्या शेवटच्या दिवशी माहेरी शिरली, तर भावाचं वाटोळं होतं म्हणे! मामाने ते दारू पिऊन केव्हाच केलं होतं.

म्हणून आजीच फाट्यावर कुडकुडत उभी राहायची, गोठवलेल्या नासपतींची पिशवी घेऊन. बाबा इंजिनही बंद करत नसत. “खिडकीतूनच घे गं, उशीर होतोय.”

यंदा फाट्यावर कोणी नव्हतं. आजी थंडीआधीच दिवाळखोर मामाच्या घरात वारली होती. बाबांनी इंजिन बंद केलं. “उतर, हवा तेवढा वेळ घे.”

आई समोर बघत म्हणाली, “चला. उशीर होतोय.”